बिबट्याचं मानधन

2015 साली ‘बदलापूर’ नावाचा हिंदी सिनेमा आला आणि तेव्हापासून आमच्या बदलापूरचा रिक्षावालाही स्वतःला निम्मा सिनेमावाला समजतो. त्यामुळे स्टेशनाजवळच्या टपरीवर एक लोकेशन मॅनेजर उगवले, याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्यांना जंगल हवं होतं. आम्ही अभिमानाने गावाजवळचं, धबधब्याचं कोंडेश्वर सुचवलं. ‘‘झकास आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण नॅशनल पार्क म्हटलं की प्रोड्युसर खूश होतो.’’

का होणार नाही? बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचा तयार सेट. झाडं सकाळपासून जागेवर उभी. त्यांना शिफ्ट नाही, कन्व्हेयन्स नाही, युनियन तर नाहीच. बिबटे इतके हौशी की बोलावणं नसताना येतात. उद्यानाला लागून असलेल्या गोरेगावच्या चित्रनगरीत 2023 च्या जुलैत एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्याची मादी पिल्लाला घेऊन हजर झाली. मानधन राहिलं बाजूला, वर घुसखोरीचा ठपका! चित्रनगरी उभी राहिली 1977 साली. बिबट्याचं खानदान त्याच्या कितीतरी आधीचं. पण सातबाऱ्यावर नाव नसलं की मूळ रहिवासीच उपरा ठरतो.

कायद्याचं काय, असं मी मॅनेजरना विचारलं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षक उद्यानात शिरण्याचा परवाना देतात, आणि 2022 च्या दुरुस्तीने चित्रीकरणाला स्पष्ट अट घातली: अधिवासात बदल करायचा नाही, त्याला किंवा वन्यजीवांना बाधा पोहोचवायची नाही.

‘‘अर्जात अगदी तसंच लिहायचं असतं,’’ ते म्हणाले. ‘‘बदल शून्य. फक्त जनरेटर, क्रेन, चार व्हॅनिटी, रात्रीचे लाइट आणि थोडा धूर. हां, आर्टवाले काही वेली लावतात. प्लॅस्टिकच्या. काय आहे साहेब, खऱ्या वेली कॅमेऱ्यात खोट्या दिसतात.’’

निसर्गाच्या चुका दुरुस्त करायची ही खोड हॉलिवूडलाही आहे. थायलंडची माया बे ही राष्ट्रीय उद्यानातलीच. ‘द बीच’च्या शूटिंगसाठी मंडळी 1999 मध्ये तिथे उतरली. किनारा पुरेसा किनाऱ्यासारखा दिसेना, म्हणून वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, मूळची झुडपं उपटली आणि नारळ आणून लावले. सिनेमा 2000 मध्ये आला. नुकसान झाल्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केला. तोवर पडद्यावरचा स्वर्ग पाहायला पर्यटकांची रीघ लागली होती. प्रवाळाची पार वाट लागली आणि 2018 मध्ये किनारा बंद करावा लागला. तो उघडला 2022 मध्ये. दोन तासांचा सिनेमा आणि वीस वर्षांचा पॅकअप.

हे ऐकून मॅनेजर जराही डगमगले नाहीत. ‘‘आपल्याकडे असं होत नाही. आपण नुकसान मोजतच नाही.’’ चहाचे पैसे मात्र त्यांनी प्रॉडक्शनच्या नावावर मांडायला सांगितले.

तेव्हा बदलापूरकरांनो, एक ध्यानात ठेवा. कोंडेश्वर राष्ट्रीय उद्यान नाही, म्हणजे कलम 28 ची ती अटही तिथे नाही. उद्या धबधब्याकडे व्हॅनिटीची रांग लागली, तर हिरोबरोबर सेल्फी जरूर काढा, पण आधी परवानगीचा कागद दाखवायला सांगा. आणि कुणी वेलींची बंडलं उतरवू लागलं, तर ती त्याच टेम्पोने परत पाठवा.