खंडोबाच्या किड्याचे पथ्यपाणी

पुढचे दोन पाय जोडून स्तब्ध बसणाऱ्या ज्या कीटकाला पुस्तकी मराठीत प्रार्थना कीटक आणि एरवी खंडोबाचा किडा म्हणतात, त्याची शुश्रूषा हा सातारा-सांगलीच्या पशुवैद्यकातील एक उपेक्षित अध्याय होय. माण-आटपाडीच्या ज्या पट्ट्यात खिलार बैलाच्या दुखण्यावर सल्ला द्यायला पारही अपुरा पडतो, त्याच पट्ट्यात बरणीतल्या बोटभर रुग्णाबद्दल सारे मौन पाळतात. साहजिकच पाळणाऱ्यालाच वैद्य व्हावे लागते आणि वैद्य होताच त्याला रोग दिसू लागतात.

पहिला रोग डोळ्यांचा. हिरवट डोळे रात्री काळे पडतात म्हणून घर जागे होते. प्रत्यक्षात अंधारात अधिक प्रकाश टिपता यावा यासाठी डोळ्यांतील रंगकण सरकलेले असतात आणि उजाडल्यावर ते पूर्ववत होतात. दिवसा त्याच डोळ्यांतला काळा ठिपका पाहणाऱ्याच्या मागे फिरतो. ही आभासी बाहुली होय, म्हणजे संयुक्त नेत्रातील ज्या नेत्रिका आपल्याकडे रोखलेल्या असतात, त्या प्रकाश शोषून घेत असल्याने काळ्या दिसतात. तथापि रुग्ण कृतज्ञतेने पाहत आहे, ही समजूत प्रकाशशास्त्राला दाद देत नाही.

दुसरा रोग अन्नत्यागाचा. कात टाकण्यापूर्वी, म्हणजे वाढत्या शरीराला अपुरे पडणारे बाह्यकवच सोडण्यापूर्वी, हा कीटक खाणे थांबवतो आणि उलटा लटकतो. उपवास इतका कडक, की समोर ठेवलेला रातकिडा बरणीत तसाच राहिला, तर कात टाकताना हतबल झालेल्या यजमानालाच तो कुरतडू शकतो. म्हणून त्या काळात ताट उचलणे हीच सेवा.

खरोखर अशक्त झालेल्या रुग्णाला पाण्याचा बारीक फवारा आणि पाण्यात पातळ केलेला मध काडीच्या टोकाने तोंडाशी लावणे, एवढाच उपचार उरतो. मध महाबळेश्वरचा असावा, हा जिल्हाभिमान झाला, वैद्यक नव्हे. साताऱ्याचा कंदी पेढा आणि सांगलीचे भडंग त्याला वर्ज्य, कारण हे दैवताच्या नावाचे जनावर संपूर्ण मांसाहारी असून जे हलते तेच अन्न मानते. परिणामी ज्या घरात अंडेही शिजत नाही, तेथील कर्ता पुरुष मेलेली माशी चिमट्यात धरून ती जिवंत असल्याचा अभिनय करताना आढळतो.

शेवटचे लक्षण पोटफुगीचे. त्यावर ओव्याचा विचार सुरू असतानाच बागेतून आणलेली मादी बरणीच्या झाकणाला फेस लावते, फेस वाळून अंडकोश होतो आणि काही आठवड्यांनी त्यातून कित्येक डझन पिल्ले बाहेर पडतात. ती एकमेकांना खातात म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बरणी लागते, आणि लोणच्याचे दिवस तर तोंडावर आलेले असतात.