खांद्यात मुक्कामी असलेल्या विळ्यास

प्रति,
श्री. सिकलसेल महाशय,
मुक्काम : माझा उजवा खांदा, गडचांदूर.

स. न. वि. वि.

तुमचा पत्ता लागायला दोन वर्षं गेली, क्षमस्व. आमच्या गावात खांदा दुखला की आरोपी ठरलेला : सिमेंटचं पोतं. मी गोदामात फक्त हिशेब लिहितो, तरी आजीचं एकच, "कायले उचलते रे चुंगड्या?" आईनं मोहाच्या बियांचं तेल चोळलं. एका डॉक्टरांनी सुई टोचून 'वात आहे' म्हटलं. दुसऱ्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरून हाड ठणठणीत असल्याचं सांगितलं. आणि खांद्यावर लिंबाएवढी सूज! एसटीतला वरचा दांडा धरवेना, भांग डाव्या हातानं पाडायचो. तुम्ही आत निवांत.

शेवटी चंद्रपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी खांद्याला हात लावण्याआधी आईला विचारलं, "तान्हेपणी याचे हातपाय सुजायचे का?" सुजायचे. रक्त तपासलं, इलेक्ट्रोफोरेसिसवर 'एसएस' आलं, म्हणजे तुम्हीच. एमआरआयमध्ये दिसलं, की खांद्याच्या गोळ्याचं हाड रक्ताविना मरत चाललंय. एक्स-रेत हे सुरुवातीला दिसतच नाही म्हणे.

कारागिरी मात्र मानली. हिमोग्लोबिनच्या साखळीतली सहावी कडी तेवढी बदलायची, की गोल पेशीचा विळा तयार. 120 दिवस जगणारी पेशी 10-20 दिवसांत संपते, आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवते. थंडीत तुमचा जोर, 45 अंशांच्या उन्हात पाणी कमी पडलं तरी जोर. आईकडून निम्मे, बाबांकडून निम्मे आलात. त्या दोघांना काही त्रास नाही. उलट या जंगलपट्टीत हिवतापाच्या तडाख्यातून वाहकांना तुम्हीच तारलंत. त्या उपकाराचं व्याज आता माझ्या हाडातून. सावकार निदान वहीत लिहून तरी ठेवतो.

1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी तुम्हाला जगापुढे आणलं. आपल्या सरकारनं 2023 मध्ये शहडोलहून तुमच्या उच्चाटनाची मोहीम काढली, मुदत 2047. घर रिकामं करायला 24 वर्षांची नोटीस कुठल्या भाडेकरूला मिळते?

सध्या हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि पाण्याची बाटली, दोन्ही खिशा-पिशवीत. धाकट्या बहिणीच्या स्थळाची बोलणी चालू आहेत. पत्रिका जुळली, 36 पैकी 27 गुण. तिचं रक्त काल तपासायला दिलं; मुलाकडच्यांनाही द्यायला सांगितलंय.

तुमचा,
नाइलाजाचा घरमालक