माह्या घोड्यात खोट नाई

नाव कशाला सांगू? सगळा तालुका त्यांना भाऊच म्हणतो. अचलपूरपासून मोर्शीपर्यंत जिथं म्हणून नवरदेव घोडीवर बसतो, तिथं भाऊंची ओळख आहे. चांदूर बाजारच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे चाललेले असतात, जो तो बैलाचे दात बघत असतो. आणि भाऊ बैलांकडे पाठ करून कुणाला तरी मोबाइलमधला आपल्या घोड्याचा फोटो दाखवत असतात. समोरचा बिचारा बकरी घ्यायला आलेला असतो.

भाऊंकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. पण त्यांचा जीव तिसऱ्या जनावरात. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेला मारवाडी नर. पंचकल्याणी: चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, गळ्यावर देवमण. त्याला वरातीला नेत नाहीत. डीजे दणाणत असताना समोरून दुसरी घोडी आली तर नवरदेव कुठं आणि घोडा कुठं, याची हमी खुद्द भाऊही देत नाहीत. हा फक्त ‘कामाचा’ घोडा. काम म्हणजे काय, हे भाऊ तोंडानं सांगत नाहीत, मिशीनं सांगतात. आसपासच्या घोड्या त्याच्याकडे भरवायला येतात आणि प्रत्येक वेळी भाऊंची छाती इंचभर वाढते, जणू काम त्यांनीच केलं.

या धंद्याचं पंचांग अवघड असतं. घोडी अकरा महिने गाभण. ज्येष्ठात लग्नं उरकल्यावर भरवली तर पुढच्या वैशाखात, ऐन मुहूर्तावर, शिंगरू हजर. घोडीवाला तारखा धरून रडतो, भाऊ त्याला चहा पाजतात आणि दर मात्र एक पैशानं कमी करत नाहीत.

गेल्या हंगामात गडबड सुरू झाली. घोड्या उलटायला लागल्या. आज भरवून नेलेली घोडी तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर. शिरजगावचा आला, ब्राह्मणवाड्याचा आला, एकजण तर रात्री टेम्पो घेऊनच आला. भाऊंकडे प्रत्येकासाठी वेगळं कारण तयार. एकाच्या घोडीच्या पाठीवरचा भोवराच वाईट. दुसऱ्यानं सरकी जास्त चारली. तिसऱ्याच्या ड्रायव्हरनं गतिरोधकावर टेम्पो आदळला, “तिथंच सांडलं सारं.” चौथ्याला काही कारण उरलं नव्हतं, म्हणून सांगून टाकलं, “घोडीच वांझ हाय बाप्पा. माह्या घोड्यात खोट नाई.”

यात भाऊंना तरी काय बोलायचं? मूल होत नसलं की आपल्याकडे सुनेला बहिरमच्या नवसापासून अमरावतीच्या दवाखान्यापर्यंत फिरवतात आणि पोरगा बाहेर मोटारसायकलवर बसून शेंगदाणे खातो. भाऊंनी घरचीच रीत तबेल्यात नेली, एवढंच.

शेवटी एका घोडीची शेपटी सतत ओली राहू लागली, मागून चिकट पांढुरकं जायला लागलं, आणि प्रकरण पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचलं. तिथं डॉक्टर मॅडम. अकोल्याला शिकलेल्या, वय फार नाही, आवाज खणखणीत. भाऊंना बोलावणं गेलं. मीही गेलो, असली गंमत फुकट कोण सोडतो?

“भाऊ, नराची तपासणी कधी केली होती?”

“नराची? त्याले काय झालं मॅडम? खाते, पिते, खिंकाळते. पाहा ना कसा चमकते!”

“चमकतोय. पण त्याचं लिंग कधी धुता का?”

कंपाउंडरच्या हातातली सिरिंज थबकली. बाकावरच्या म्हाताऱ्यानं बिडी विझवली. भाऊंनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग स्वतःच्या चपलांकडे.

“ते… मंजे… तसलं तं पावसानं धुतल्या जाते मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. हातात पेन घेऊन त्यांनी कागदावर आकृती काढायला घेतली, तशी भाऊंनी मान खिडकीकडे वळवली. त्यांना आकृतीपेक्षा खिडकीतलं लिंबाचं झाड सोयीचं वाटलं. पण कान इकडेच होते. मॅडम सांगत होत्या की जंतू नराच्या कातडीच्या घडीत, मळात, नुसते मुक्काम करतात. नर आजारी पडत नाही, लंगडत नाही, चारा सोडत नाही. ज्या घोडीवर जाईल तिला देऊन येतो. कधी तर घोडाही लागत नाही. त्याला धुतलेला स्पंज, बादली, मोतद्दाराचे हात पुरतात. १९७७ साली इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला असंच झालं. तिथले शर्यतीचे खानदानी नर, एकेकाची वंशावळ आपल्या देशमुखांच्या वाड्यापेक्षा लांब, आणि त्यांच्यामार्फत टेलोरेला नावाचा जंतू घोडीमागून घोडीला लागत गेला. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत केंटकीत पोचला. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतन चालतच नाही, नोंद हवी तर नैसर्गिक लावणीच हवी. त्यामुळे एक नर म्हणजे हंगामभर शंभर दारं.

“आपल्याकडं असं नसते,” भाऊ लिंबाच्या झाडाला म्हणाले. “आपल्याकडं माशीनं होते.”

ते सर्रा रोगाबद्दल बोलत होते, आणि अर्धं बरोबर बोलत होते. सर्रा चावऱ्या माशा पसरवतात. पण त्याच कुळातल्या दुसऱ्या परोपजीवीला माशीची गरज नाही. त्या रोगाचं नाव डौरीन. तो लागतो तो लावणीतूनच. खालची जागा सुजते, अंगावर नाण्याएवढ्या गांधी उठतात, मागचे पाय लुळे पडतात, आणि जनावर बहुधा जातं. मी वर्तमानपत्रवाला, मला राहवलं नाही. सांगितलं की घोडदळासाठी पैदास करणाऱ्या इंग्रज सरकारनं यावर १९१० साली चक्क कायदा केला होता, डौरीन ॲक्ट. इंग्रज गेला तरी कायदा राहिला. तो रद्द झाला तो २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या नव्या कायद्यानं. नव्व्याण्णव वर्षं!

“घोड्याच्या संसारात सरकार काऊन आलं?” भाऊ खरंच दुखावले.

“रोगी घोडी सापडली तर मारून टाकायची तरतूद होती.”

“अन् घोडा?”

“खच्ची.”

भाऊंनी उभ्याउभ्याच एक पाय दुसऱ्यासमोर घेतला. घोड्याबद्दलची चर्चा माणूस इतकी मनावर घेतो हे मी प्रथमच पाहत होतो. मालकाला भरपाई मिळायची, असंही मी सांगितलं, पण ते त्यांना ऐकू गेलं नाही.

नमुने घ्यायला तबेल्यात गेलो तेव्हा भाऊ घोड्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि शेवटपर्यंत मागे वळले नाहीत. “घाबरू नको राजा,” म्हणत होते. घोडा शांत होता. रक्त आणि घासून घेतलेले बोळे हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेले. मधल्या काळात गावात विचारणाऱ्यांना भाऊ सांगत, “ताकद मोजाले पाठवलं हाय.”

अहवाल आला. डौरीन नाही, टेलोरेला नाही. क्लेब्सिएला नावाचा जंतू मात्र मिळाला, आणि तोही लावणीतून पसरणाराच. औषध सुरू, काम बंद. आठ दिवस भाऊ घराबाहेर निघाले नाहीत. नवव्या दिवशी चहाच्या टपरीवर आले तेव्हा त्यांची बाजू तयार होती: “घोड्यानं कोनाले देल्ला नाई. एखाद्या घोडीनंच माह्या घोड्याले देल्ला.” खरं सांगायचं तर यात तथ्य असू शकतं, म्हणून कुणी वाद घातला नाही.

उपचार झाले, पुन्हा नमुने गेले, दुसरा अहवाल स्वच्छ आला. पहिला कुठं गेला ते भाऊंना आठवत नाही. दुसरा लॅमिनेशन करून तबेल्याच्या दारावर, हनुमानाच्या फोटोशेजारी टांगला आहे. दर वाढला आहे, “तपासलेला घोडा हाय.” आणि घोडी घेऊन येणाऱ्याला भाऊ आता दारातच अडवतात: “पहिले घोडीचा कागद दाखवा, मंग घोडा सोडतो.”

दरवाढ अन्यायाची आहे. कागद मागणं शंभर टक्के बरोबर आहे. तेव्हा घोडी भाऊंकडे न्यायची असेल तर आधी तिची तपासणी करून घ्या, आणि दारावरच्या त्या चकचकीत कागदावरची तारीखही वाचा. तो गेल्या हंगामाचा आहे.