टकिला आस्वादाचे सुधारित तंत्र (कोरडवाहू विभागासाठी)

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण रूढ करणाऱ्यांनी मेक्सिकोचा विचार केलेला दिसत नाही. वास्तविक मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातले टकिला हे गाव 21 उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे आणि परभणी 19 च्या किंचित वर. म्हणजे दोन्ही गावांत फरक दीड-पावणेदोन अंशांचा. तरीही आपल्याकडे टकिलाचा आस्वाद शास्त्रशुद्ध पद्धतीने घेतला जात नाही. पुण्या-हैदराबादेत नोकरीला असलेली भाचेमंडळी दिवाळीत एखादी बाटली आणतात, दाजी ती ‘बघू तरी’ म्हणून एका घोटात संपवतात आणि दुसऱ्या दिवशी ‘आपल्या देशीत काय वाईट होतं’ असा निष्कर्ष काढतात. बाटल्यांचे हे नुकसान टाळण्यासाठी पुढील शिफारशी करण्यात येत आहेत. त्या जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत नऊही तालुक्यांना लागू राहतील.

जमीन व हवामान

टकिला निळ्या घायपातापासून करतात. घायपात म्हणजे आपले केकताड, असे समजून काही उत्साही शेतकरी बांधाकडे पाहू लागतील. त्यांनी थांबावे. बांधावरचे केकताड हा त्याच कुळातला भाऊबंद असला तरी टकिलाचा वाण वेगळा. शिवाय 1974 पासून हे नाव मेक्सिकोने राखून ठेवले आहे. संपूर्ण हालिस्को आणि इतर चार प्रांतांचा ठरावीक भाग सोडून कुठेही गाळलेल्या दारूला टकिला म्हणता येत नाही. दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून ‘देसमंडजी’ नावाची दारू भारतात निघाली, पण तिलाही बाटलीवर टकिला म्हणवून घेता आले नाही.

तिकडचा शेतकरी झाड सहा ते आठ वर्षे सांभाळतो. फुलोऱ्याचा दांडा निघू लागला की तो छाटतो, कारण दांडा वाढला तर साठलेली सगळी साखर त्यात जाते. मग लांब दांड्याच्या कोयत्याने पाती तासून मधला गड्डा काढतो. तीस-चाळीस किलोंचा गड्डा सर्रास निघतो. तो भट्टीत शिजवायचा, चिरडायचा, रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. आपल्याकडे केकताड पाण्यात भिजवून, बडवून त्याचे दोर वळत. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना त्याच्या रसाने अंगाला सुटणारी खाज ठाऊक आहे. त्या खाजेची आठवण ठेवावी आणि घरी प्रयोग करू नये. घरी केलेल्या प्रयोगाला हातभट्टी म्हणतात व त्याचे परीक्षण पोलीस ठाण्यात होते.

रसग्रहणाची परंपरा आपल्याकडे नाही, हा आक्षेपही खोटा आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, 1947-48 साली, मराठवाड्यातल्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली, कारण शिंदीच्या ठेक्यांचा महसूल निजामाच्या तिजोरीत जाई. एखाद्या पेयाबद्दल इतके ठाम मत जगातल्या कोणत्याही परीक्षकाने दिलेले नाही.

पूर्वमशागत

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 सालचा असून तो अद्याप जिवंत आहे. त्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभर रुपयांत आणि आजन्म परवाना हजार रुपयांत मिळतो. वय पंचवीस पूर्ण असावे. पंचविशीच्या आतील भाच्याने बाटली आणली असल्यास ती जप्त करण्याचा अधिकार मामाला आहे, पिण्याचा नाही, असे काही मामींचे मत आहे.

तारीख निवडताना पंचांग पाहावे. गांधी जयंती, आषाढी एकादशी असे कोरडे दिवस आधीच वगळावेत. विभाग कोरडवाहू असला तरी हे दिवस जास्तच कोरडे असतात.

बाटल्या उभ्या ठेवाव्यात. द्राक्षाची वाइन आडवी ठेवतात, कारण तिचे बूच ओले राहावे लागते. टकिलासारखी कडक दारू बुचाला खाते, म्हणून ती उभी. आडव्या बाटलीचे महाराष्ट्रात दुसरेही परिणाम आहेत. गावातल्या महिलांच्या मतदानात उभ्या बाटलीपेक्षा आडव्या बाटलीवर शिक्के जास्त पडून एकूण महिला मतदारांच्या निम्म्यावर गेले, तर दुकानच बंद होते.

वाणांची निवड

भेंडीत ‘परभणी क्रांती’ आणि ज्वारीत ‘परभणी शक्ती’ ओळखणाऱ्या जिल्ह्याला पुढील वाण अवघड जाऊ नयेत.

ब्लांको: पाण्यासारखी पारदर्शक. लाकडी पिंपाचा संस्कार नाही किंवा असलाच तर दोन महिन्यांच्या आतला. घायपाताची मूळ चव इथेच कळते. तुलनेची सुरुवात नेहमी हिच्यापासून.

रेपोसादो: ओक लाकडाच्या पिंपात दोन महिने ते वर्षभर. फिकट सोनेरी. पिण्यालाही चालते आणि मिसळण्यालाही.

आन्येहो: सहाशे लिटरपर्यंतच्या पिंपात एक ते तीन वर्षे. लाकूड, व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास. व्हिस्कीवाल्या काकांना हीच आवडते, कारण ती व्हिस्कीसारखी लागते.

एक्स्ट्रा आन्येहो: तीन वर्षांहून जास्त. हा वर्ग 2006 साली आला. भाव पाहून बाटली हळूच जागेवर ठेवावी.

गोल्ड: येथे सावधगिरी बाळगावी. हा सोनेरीपणा बहुधा पिंपातून नव्हे, तर जळक्या साखरेच्या रंगातून येतो. रंग पाहून माल घेऊ नये, हे मोंढ्यात हळद विकणाऱ्याला सांगायची गरज नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट लेबलावर बारीक अक्षरात असते. ‘100 टक्के अगावे’ लिहिले असेल तर सगळी साखर घायपाताची. तसे लिहिले नसेल तर ती मिश्र. नियमानुसार तिच्यात किमान 51 टक्के साखर घायपाताची असली म्हणजे झाले, उरलेली उसाचीही चालते. म्हणजे मेक्सिकोहून जहाजाने आणलेल्या बाटलीत निम्मा माल उसाचा. तो पिण्यासाठी सातासमुद्रापलीकडून काही आणायची गरज नव्हती, साखर कारखाना गंगाखेडलाही आहे. लेबलावर चार आकड्यांचा नोंदणी क्रमांकही असतो. त्यावरून दारू कोणत्या कारखान्यात गाळली ते कळते. एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या भावांच्या बाटल्या निघतात. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर ज्याने कधी वाचला आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

पेरणी: अंतर व मात्रा

एका बैठकीत तीनच वाण घ्यावेत: ब्लांको, रेपोसादो, आन्येहो. शक्यतो एकाच कारखान्याचे. प्रत्येकी पंधरा मिलिलिटर. तीन मिळून पंचेचाळीस, म्हणजे दीड पेग. यापेक्षा जास्त मात्रेत परीक्षक राहत नाही, नुसता पाहुणा उरतो.

पेला उंच, वरती निमुळता असावा. स्टीलचा पेला वर्ज्य, कारण त्यात रंग दिसत नाही. अर्थात रंग दिसू नये म्हणूनच तो आजवर वापरला गेला, हे मान्य आहे.

बाटल्या दैनिकाच्या कागदात गुंडाळाव्यात, म्हणजे नाव व भाव दिसत नाही आणि मत निष्पक्ष राहते. कागदात गुंडाळलेली बाटली ही आपल्याकडे नवीन पद्धत नसल्याने वेगळे प्रशिक्षण लागणार नाही. गुंडाळ्यांवर एक, दोन, तीन असे आकडे घालावेत. ते न पिणाऱ्या व्यक्तीने घालावेत.

दारू खोलीच्या तापमानाला असावी, असे परदेशी पुस्तके सांगतात. त्यांची खोली अठरा-वीस अंशांची असते. मे महिन्यात परभणीची खोली चाळिशी ओलांडते. तेव्हा ‘खोलीचे तापमान’ याचा अर्थ डिसेंबरातील सकाळ असा घ्यावा. बर्फ टाकू नये. गारव्याने वास दबतो, आणि वासासाठीच तर हा खटाटोप.

आंतरमशागत: वास व चव

पेल्यात नाक खुपसू नये. नाक काठाशी, तोंड किंचित उघडे, श्वास हलका. पहिला घोट नखाएवढा. तो फक्त जिभेला सूचना देण्यासाठी. दुसऱ्या घोटापासून मत नोंदवावे.

नोंदपत्रकात पुढील शेरे ग्राह्य धरले जातील: भाजलेले रताळे, मध, लिंबाची साल, मिरीचा तिखटपणा, ओली माती. हालिस्कोच्या डोंगराळ भागातल्या लाल मातीतली टकिला गोडसर व फळांच्या वासाची, आणि टकिला गावाकडच्या खोऱ्यातली पाल्याच्या व मातीच्या वासाची असते, असे जाणकार मानतात. आपल्या काळ्या मातीचा वास आला असे कोणी लिहिल्यास त्यास देशप्रेमाचा एक गुण जादा द्यावा. ‘कडक आहे’, ‘चढली’, ‘अजून आहे का’ हे शेरे ग्राह्य नाहीत. वास न आल्यास शेजाऱ्याचे पत्रक पाहू नये, त्यानेही कोणाचे तरी पाहिलेले असते.

दोन वाणांच्या मधे साधे पाणी आणि ज्वारीच्या कोरड्या भाकरीचा तुकडा घ्यावा. भाकरी जीभ स्वच्छ करते. ठेचा, शेव-फरसाण, तर्री आणि तंबाखू निकाल जाहीर होईपर्यंत वर्ज्य. व्यावसायिक परीक्षक घोट चाखून थुंकून टाकतात. थुंकण्याचे कौशल्य जिल्ह्यात मुबलक आहे, त्याचा विधायक उपयोग प्रथमच होत आहे.

आंतरपीक पद्धती (मिसळणे)

मिसळण्यासाठी ब्लांको किंवा रेपोसादो घ्यावी. आन्येहो मिसळणे म्हणजे शेजारच्याला दाखवण्यासाठी केलेला खर्च.

मार्गारिटा: 50 मिलिलिटर टकिला, 20 संत्र्याची लिकर, 15 लिंबाचा रस. पेल्याच्या काठाला मीठ, तेही अर्ध्याच.

टकिला सनराइज: 45 टकिला, 90 संत्र्याचा रस, तळाशी 15 डाळिंबाचे घट्ट सरबत. येथे संत्रा म्हणजे फळ. देशी दुकानात ‘एक संत्रा द्या’ म्हटल्यावर जे मिळते ते या कृतीत वापरू नये.

पलोमा: मूळ कृतीत ग्रेपफ्रूटचा सोडा असतो. तो न मिळाल्यास जालन्याची मोसंबी, लिंबू, साधा सोडा आणि चिमूटभर मीठ. शेजारधर्मही साधतो.

बतांगा: टकिला, कोला, लिंबू, काठाला मीठ. ‘यात कसला आलाय दर्जा’ असे भाचा म्हणेल. त्यास सांगावे की खुद्द टकिला गावातल्या ‘ला कापिया’ नावाच्या जुन्या गुत्त्याचे हे प्रसिद्ध पेय आहे, आणि तिथे ते लिंबू कापायच्या सुरीनेच ढवळतात. थम्स अप घालून आयुष्य काढलेल्या माणसाचा याहून मोठा सन्मान नाही.

कीड व रोग

मीठ-लिंबू: मनगटावरचे मीठ चाटायचे, दारू गिळायची, लिंबू चावायचे. हा विधी चव लपवण्यासाठी असून खराब मालावर तो गुणकारी आहे. चांगल्या मालावर केल्यास पैसे वाया. ‘दाजी, मीठ खायलाव का दारू प्यायलाव?’ असा प्रश्न आल्यास रोगाची लागण झाली असे समजावे. हवेच तर शेजारी सांग्रिता घ्यावी. संत्रे, लिंबू आणि तिखटाचा हा बिनदारूचा रस मेक्सिकोत एकेका घोटाआड घेतात.

अळी: टकिलाच्या बाटलीत अळी असते हा गैरसमज आहे. अळी असते ती मेस्कल नावाच्या भाऊबंद दारूच्या काही बाटल्यांत, आणि तीही विक्री वाढवण्यासाठी. बोंडअळीने पिडलेल्या जिल्ह्यात अळीसाठी जादा पैसे मोजणाऱ्याला कोणतेही अनुदान मिळणार नाही.

भेसळ: नियमाने एक टक्क्यापर्यंत रंग, ग्लिसरीन, गोड पाक, ओकचा अर्क लेबलावर न लिहिता घालता येतो. फार गुळगुळीत, केकसारखी गोड लागली तर संशय घ्यावा.

जाणकार: सर्वांत चिवट कीड. एकदा गोव्याला जाऊन आल्यावर लागते. ओळखण्याची खूण: पेला फिरवत राहतो, पीत नाही, दुसऱ्यालाही पिऊ देत नाही. उपाय: कागदातली बाटली ओळखायला सांगावे. प्रादुर्भाव तत्काळ आटोक्यात येतो.

काढणी व उत्पादन

पत्रके गोळा करून कागद सोडावेत. सर्वांत महाग बाटलीला सर्वांत कमी गुण पडलेले निघण्याची तयारी ठेवावी. अशा वेळी ती आणणाऱ्या भाच्यासमोर निकाल मोठ्याने वाचू नये. एकूण शिफारस अशी: सावकाश पिण्यासाठी 100 टक्के अगावेची ब्लांको किंवा रेपोसादो, मिसळण्यासाठी त्यातलीच स्वस्त, आणि गोल्ड कशासाठीच नाही.

काढणीपश्चात काळजी

शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवले, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या दहा हजारांत बरी ब्लांको येऊन वर भाकरी आणि मोसंबीचा खर्च निघतो. तुलनेत सर्वांत अचूक गुण मुळीच न पिणाऱ्याने मांडलेले असतात. असा एक माणूस बैठकीला ठेवा, बेरीज त्याच्याकडूनच करून घ्या आणि मोटारसायकलच्या किल्ल्या पहिल्या घोटाआधी त्याच्या हवाली करा.