चाळीस बिटांचं कुलूप

पाथर्डीत 'कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस' अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली, हा भाग वेगळा. त्यामुळे पतसंस्थेची वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायची ठरल्यावर तिथला तरुण क्लार्क पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडेच आला. पीएफएक्स फाइल होती. तिच्यातून वेबसाइटचं प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली वेगळी काढायची. मी मुद्दाम काळी खिडकी उघडली; माउस फिरवणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. ओपनएसएसएल नावाच्या प्रोग्रामची कमांड बडवली, पासवर्ड दिला (तो टाइप होताना टिंबही उमटत नाही, बघणाऱ्याला वाटतं मंत्र चाललाय) आणि एंटर मारला. लांबलचक एरर आला. शेवटी 'अनसपोर्टेड', 'आरसी२-४०-सीबीसी'.

मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथे प्रमाणपत्र कोण मागतो? जबडा उघडून दात पाहिले की वय कळलं. गुरांच्या बाजारात तर भाव रुमालाखाली, बोटांवर ठरतो. बाजूच्याला दिसतो फक्त हलणारा रुमाल. अख्खं गुप्तलेखनशास्त्र त्या रुमालात आहे, आणि त्याची आवृत्ती बदलत नाही. ऐन सौद्यात दलालाने हात मागे घेऊन 'ही करंगळी २०२१ पासून बंद झाली' म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

इथे नेमकं तेच झालं होतं. आरसी२ हे रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ साली घडवलेलं कुलूप. त्याच्या या '४०' प्रकारात किल्ली चाळीसच बिटांची, कारण त्या काळी अमेरिकेचं सरकार भक्कम कुलपं सहजासहजी देशाबाहेर जाऊ देत नव्हतं. जुन्या फायलींवर तेच लटकलेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने ते माळ्यावर टाकलं. कमांडमध्ये 'डॅश लेगसी' लिहिलं की माळा उघडतो.

पण ते सापडेपर्यंत पोराचा चेहरा उतरला होता. "सर, माझ्या हातून तर काही बिघडलं नाही ना? साहेबांना काय सांगू?" मला खरंच राग आला. कुलूप जुनं आहे हे त्या यंत्राला पक्कं ठाऊक होतं. तसं साध्या शब्दांत सांगायला काय जात होतं? नोकरी नवी असलेला माणूस प्रत्येक लाल ओळ स्वतःच्या नावावर लिहून घेतो.

फाइल उघडल्यावर तो म्हणाला, "सर, तुम्ही देव आहात." मी नाकारलं नाही.

तुमच्याकडे अशी फाइल असेल तर आतलं काढून लगेच एईएस-२५६ च्या कुलपात ठेवा, सुटी किल्ली पेन ड्राइव्हवर हिंडवू नका. अडलंच तर माझ्याकडे या. फक्त येताना माझं घर कुठे आहे ते रस्त्यात चार जणांना मोठ्याने विचारत या.