नऊ विरुद्ध आठ

जुन्या निकालाचं वजन आपल्याकडे खुर्च्यांवर मोजतात. युक्तिवाद कितीही बिनतोड असो, आधी डोकी मोजा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, या प्रश्नाच्या वाटेत १९५४ सालचा एम. पी. शर्मा खटल्याचा आठ न्यायमूर्तींचा निकाल आडवा पडला होता. आधारच्या वादात सरकारने तोच पुढे केला. मग २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्ती बसले आणि अडसर दूर झाला! (केशवानंद भारती खटल्यातल्या तेरा न्यायमूर्तींच्या निकालाला हात लावायचा असेल त्याने तेराहून जास्त खुर्च्यांची ऑर्डर आताच द्यावी.)

त्याच निकालात, आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टाचं दार बंद करणारा जबलपूरचा निकालही मोडीत निघाला. १९७६ साली त्या बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. मोडीत काढणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय. वडिलांचं देणं मुलाने फेडावं म्हणतात, ते एकेचाळीस वर्षांनी का होईना, फिटलं.

बांधावरून भांडणाऱ्या भावकीला मात्र ही चैन नाही. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ दारात उभं असतं. त्याच पक्षांत, त्याच मुद्द्यावर एकदा अंतिम निकाल लागला की पुन्हा दावा नाही. वारसांनाही तो लागू. शिवाय जो मुद्दा तेव्हा मांडायला हवा होता आणि राहून गेला, तोही मांडला होता असंच धरतात. म्हणजे आजोबांचे वकील ऐन वेळी गप्प बसले असतील, तर ते मौनही सातबाऱ्यासोबत नातवाकडे येतं.