उचल फिटली का?

दिवाळी सरली की शिरूर कासारात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकात बसून कारखान्याला निघतात आणि आयपीएलचे मालक खेळाडूंची अदलाबदल करतात. इकडं माणसं भांड्याकुंड्यांसकट चढतात, तिकडं विमानानं. बाकी व्यवहार ओळखीचाच.

आमच्या नदीकडच्या हॉटेलात (हॉटेल म्हणजे तीन बाकडी अन् एक शेगडी) नोव्हेंबर २०२३ पासून एकच वाद चालू आहे. त्या अदलाबदलीत फायदा कुणाचा झाला? दोन वर्षं उलटली, निकाल नाही. उधारी मात्र वाढलीय.

प्रकरण असं. मुंबईला हार्दिक पंड्या हवा होता. तो गुजरातकडं, १५ कोटींचा. मुंबईच्या थैलीत तेवढी जागा नव्हती. मग मुंबईनं आपला १७.५० कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला रोखीत देऊन टाकला, जागा केली आणि हार्दिक आणला. गुजरातनं शुभमन गिलला कर्णधार केलं. हार्दिकच्या बदल्यात गुजरातला वरकड किती मिळाले, ते अजून जाहीर नाही. नेकनूरच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तसलंच. फक्त बैलाचा भाव दुसऱ्या दिवशी गावाला कळतो.

बेसबॉलमध्ये तर याहून पुढची मजल. तिथं तीन-तीन, चार-चार संघ एका सौद्यात बसतात आणि ‘एक खेळाडू नंतर कळवू’ असंही लिहितात. १९६२ साली क्लीव्हलंडनं हॅरी चिटी नावाचा गडी न्यूयॉर्क मेट्सला अशाच बोलीवर दिला. दोन महिन्यांच्या आतच मेट्सनं ‘नंतर कळवू’वाला खेळाडू पाठवला. तो हॅरी चिटीच! बाजारात नेलेला बैल संध्याकाळी आपल्याच दावणीला. त्यात फायदा कोणाचा, हे अमेरिकेलाही अजून सांगता आलेलं नाही.

तर आमचा वाद. खताच्या दुकानातला पोरगा बंगळुरूचा. कारण संजय बांगर बीडचा आणि तो तिथं प्रशिक्षक होता. बांगरचं ते पद २०२३ मध्येच गेलं, पोराची निष्ठा काही गेली नाही. त्याचं म्हणणं, फायदा आमचा. २०२४ ला मुंबई चौदातले चारच सामने जिंकून तळाला, गुजरात आठवं, आम्ही चौथे! मुंबईवाला म्हणतो, हार्दिकनं त्याच जूनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं, ते विसरलास? म्हणजे फायदा भारताचा. वाद अंगाशी आला की आमच्याकडं लगेच भारत मधे आणतात.

कोपऱ्यात बसलेले आबा, जुने मुकादम, बराच वेळ गप्प होते. म्हणाले, “टोळी कारखान्याला पोचली त्या दिवशी कोन जिकलं इचारतेत व्हय? पट्टा पडल्यावर इचारतेत. उचल फिटली का नाय, येवढंच.”

म्हणजे हंगाम संपल्यावर, आगाऊ घेतलेली रक्कम कामातून फिटली का, ते बघायचं. हा हिशेब लावला आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली. २०२४ चा पट्टा पडला तेव्हा चषक कोलकात्याकडं, ज्यांचा या सौद्याशी काडीचा संबंध नव्हता. २०२५ ला सौद्यातले तिघंही पहिल्या चारात आणि चषक थेट बंगळुरूला. खताच्या दुकानातलं पोरगं बाकड्यावर उभं राहिलं. पण ग्रीन कुठं होता? बंगळुरूनं त्याला आधीच मोकळं केलेलं, पाठीच्या दुखण्यानं तो हंगाम त्याला खेळताच आला नव्हता. ज्याच्यासाठी १७.५० कोटी मोजले, तो नसताना चषक! आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात त्याला २५.२० कोटींना कुणी घेतला? कोलकात्यानं. आबांनी विडी पेटवली. त्यांच्या लेखी फड एकाचा, तोड दुसऱ्याची अन् काटा तिसऱ्याचा, यात नवं काही नव्हतं.

मला मात्र वाईट वाटतं ते हार्दिकचं. सौदा मालकांनी केला, रोहित शर्माचं मुंबईचं कर्णधारपद मालकांनी काढून हार्दिकला दिलं आणि हुर्यो वानखेडेवर हार्दिकची. विश्वचषक जिंकून संघ परतला तेव्हा, ४ जुलै २०२४ ला, त्याच मैदानात त्याच्याच नावाचा घोष झाला. गाडी रुतली तर चाबूक बैलाला, निघाली तर हारही बैलाला. मालक दोन्ही वेळा सावलीत.

“पर त्याला इचारलं तरी हुतं,” पोरगा म्हणाला. “नियमच आहे, खेळाडूच्या होकाराशिवाय अदलाबदल होत नाही.”

“आमच्यातबी होकार लागतो,” आबा म्हणाले. “त्याबिगर उचल देत नसतेत.”

कपबश्या विसळणारी मावशी चार हंगाम कारखान्याला जाऊन आलेली. तिनं मान वर न करता विचारलं, “कुनाचा वो होकार? येक कोयता म्हंजी नवराबायको दोगं. आंगठा एकाचाच घेता ना?”

आबा विडीकडं बघत बसले.

“त्या ग्रीनच्या घरीबी इचारलं नसंल कुनी,” ती म्हणाली आणि पोराच्या हातातला रिकामा कप ओढून घेतला.